ऑक्टाव्हिया व्हीआरएस देऊन जुनी टप उघडणारी मर्सिडीज घ्यावी का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणारा बाणेरला राहतो, वय ३८, बायको आणि सात वर्षांची मुलगी. त्याच्याकडे २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ आहे, पहिला मालक, ४६ हजार किलोमीटर. मुंबईतल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरने त्याला २०११ ची मर्सिडीज ई ३५० कॅब्रिओले दाखवलीय, दिल्ली पासिंग, तिसरा मालक, मीटरवर ५८ हजार. डीलर म्हणतोय चावीला चावी, वरून एक रुपया नको. आणि हा विचारतोय, "काका, मन कधीच तयार झालंय, हात तेवढा थरथरतोय, सांगा काय करू?"

काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. १९९५ ला पिंपरीत टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात मर्सिडीज बनायला लागल्या तेव्हा मी आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलो होतो, तेव्हापासून जर्मन गाड्यांखाली झोपतोय. टप उघडणाऱ्या गाड्या माझ्या हाताखालून फार गेल्या असं नाही, पुण्यात मुळात त्या आहेतच किती, पण ज्या गेल्या त्यातल्या बहुतेकांनी मला काहीतरी नवीन शिकवलं आणि मालकाला चांगलाच खर्च शिकवला. एक माझी स्वतःची पण होती, तिची गोष्ट पुढे येईल.

गाडीच्या आधी त्या "चावीला चावी"बद्दल बोलू, कारण मला तेच पहिलं खटकलं. स्कोडाने व्हीआरएस २४५ भारतात फक्त २०० आणल्या होत्या, २०२० ला, ३५ लाख ९९ हजार एक्स-शोरूम. अशी गाडी, पहिला मालक, पुण्यातली, सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या, ही त्या डीलरकडे आठवडाभर पण उभी राहणार नाही, त्याच्या फोनमध्ये आत्ताच तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली असतील. आणि मर्सिडीज? ती किती दिवस उभी आहे विचार आणि उत्तर ऐकण्यापेक्षा टायर बघ, एकाच जागी उभ्या गाडीचा टायर खाली चपटा होतो आणि त्याच्याभोवती धूळ रिंगण करून बसलेली असते. जुनी कॅब्रिओले बघायला शंभर जण येतात, टप उघडून रील काढतात आणि जातात, चेक फाडायला कुणी येत नाही. म्हणजे डीलरच्या गळ्यात पडलेली गाडी तुझ्या गळ्यात आणि तुझी चालणारी नोट त्याच्या खिशात. शिवाय या व्यवहारात दोन्ही गाड्यांची किंमत कुणी तोंडातून काढतच नाही, त्यामुळे तू किती गमावलंस ते तुला कधीच कळणार नाही. म्हणून पहिली अट ही, की व्हीआरएसचा भाव वेगळा काढ, तीन ठिकाणी दाखव, ज्यांना ही गाडी कळते अशा लोकांना थेट विक, आणि मग रोख घेऊन मर्सिडीजकडे जा. रोख बघितल्यावर त्याच गाडीची किंमत कशी खाली येते ते बघ एकदा.

आता दुसरी गोष्ट. तू लिहिलंयस "आता वेग नको, आराम पाहिजे". कबूल. पण तुझी व्हीआरएस ही रोजची गाडी आहे, सोमवारी हिंजवडी, शनिवारी भाजी, दिवाळीत कोकण, मागे आडवी सायकल पण जाते. ती कॅब्रिओले कधीच रोजची होणार नाही, तू कितीही ठरवलंस तरी. म्हणजे तू गाडी बदलत नाहीयेस, घरातली एकुलती एक कामाची गाडी काढून तिच्या जागी एक हौसेची आणतोयस. वहिनींकडे दुसरी गाडी आहे का ते तू कुठेच लिहिलं नाहीस. नसेल तर इथेच थांब, खालचं सगळं करमणूक म्हणून वाच. असेल, अगदी जुनी वॅगन आर असली तरी, तर पुढे बोलू.

गाडी म्हणून ती ई ३५० वाईट नाही, उलट मला मनापासून आवडते. नाव ई-क्लास असलं तरी खालचा सांगाडा त्या काळच्या सी-क्लासचा आहे, म्हणजे डब्ल्यू२०४ चा, हे सेल्समन सांगत नाहीत. तुला मात्र ते फायद्याचं आहे, कारण डब्ल्यू२०४ आपल्याकडे चिक्कार विकल्या गेल्या, त्यामुळे लोअर आर्म, बुश, लिंक, ब्रेकचं सामान, इंजिन माउंटिंग हे सगळं मिळतं, ओरिजिनल पण आणि जर्मनीच्याच दुसऱ्या कंपन्यांचं पण. पुढून काचेपर्यंत ती ओळखीची गाडी आहे. काचेच्या मागे अनोळखी प्रदेश सुरू होतो.

इंजिन कुठलं आहे ते आधी बघ. २०११ च्या सुमारास ई ३५० ची दोन इंजिनं होती, जुनं एम२७२ आणि नवं एम२७६, इंजिन नंबरचे पहिले तीन आकडेच ते सांगतात. तू वाचलं असशील की एम२७२ मध्ये बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजतो आणि इंजिन उतरवावं लागतं. खरं आहे, पण ते २००८ च्या आधीच्या इंजिनांचं दुखणं, या गाडीला त्याची भीती नको. हिचं दुखणं वेगळं, इनटेक मॅनिफोल्डच्या फ्लॅपची प्लास्टिकची दांडी तुटते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी उभ्याउभ्या थरथरते. कॅमशाफ्टच्या मॅग्नेटमधून तेल पाझरतं आणि ते वायरच्या आतून चढत चढत जातं, म्हणून मॅग्नेटचं सॉकेट काढून आत तेल आहे का बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे. एम२७६ निघालं तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला कान दे, एक-दोन सेकंद चेनचा खडखडाट आला तर चेन ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. गिअरबॉक्स ७-स्पीड ऑटोमॅटिक, दणकट आहे, फक्त त्याच्या आतली इलेक्ट्रॉनिक प्लेट गेली की गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते, आणि तो पार्ट नुसता आणून लावता येत नाही, त्या गाडीला कोडिंग करून द्यावा लागतो. आणि स्टिअरिंग लॉक! चावी आत घातली की खालून "झुर्र" असा बारीक आवाज येतो, तो दरवेळी एकसारखा यायला हवा. रेंगाळत आला, दोनदा आला, कधी आलाच नाही, तर एक दिवस मुलीच्या शाळेसमोर गाडी गप्प होणार, चावी फिरणारच नाही. हे सगळं खर्चिक आहे, पण ठरलेलं आहे. पुण्यात ही कामं करणारे बरेच आहेत, मी नाही तर दुसरा कुणी करेल.

टपाचं तसं नाही.

तू कॅब्रिओले घेतोस तेव्हा खरं म्हणजे टप विकत घेतोस आणि त्याच्यासोबत एक गाडी मिळते, असं धर. या गाडीचं टप कापडी आहे, जाड, आत अस्तर आणि मध्ये भरण, मागची काच खरी काच. बटण दाबलं की २० सेकंदांत उघडतं, ४० च्या आत चालत्या गाडीत पण. या २० सेकंदांत काय काय होतं बघ, चारही काचा थोड्या खाली येतात, मागचं झाकण उचललं जातं, पुढचं कुलूप सुटतं, टप घडी घालत मागे जातं, झाकण परत बसतं. प्रत्येक पायरीला एक सेन्सर सांगतो की हो, झालं, आता पुढचं कर. डिकीत कार्पेटच्या आड एक हायड्रॉलिक पंप असतो, त्याच्यातून बारीक नळ्या सिलिंडरांना जातात. सेन्सर एकजण जरी रुसला तरी अख्खी बारात जागेवर थांबते. आणि बहुतेक वेळा पंप मेलेला नसतोच, दरवेळी वाकून वाकून एक वायर तुटलेली असते, किंवा सिलिंडरचं सील पाझरून तेल कमी झालेलं असतं, किंवा बॅटरी कमजोर. पण ते शोधायला दोन दिवस जातात आणि दोन दिवसांची मजुरी मालकाला पटत नाही, त्यालाही माझा इलाज नाही.

माझी गोष्ट सांगतो म्हटलं होतं. माझ्याकडे २००६ ची एसएलके होती, टिनाच्या घडीच्या टपाची. जुलै महिना, ताम्हिणीत पावसाने उघडीप दिली म्हणून टप उघडलं, वरच्या एका टपरीवर चहाला थांबलो. तिथल्या पोरांनी "काका टप दाखवा ना" म्हटलं. दाखवलं. परत दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं, इंजिन बंद ठेवून, कारण मी हुशार. चौथ्यांदा बंद करताना टप बरोबर मधोमध उभं राहिलं, डिकीचं झाकण आ वासून, आणि वरून पाऊस सुरू. स्वतः मेकॅनिक, आणि जंप केबल घरी. टपरीवाल्याने आपली निळी ताडपत्री काढली, त्याच्या भज्यांवर छत्री धरली बायकोने, आणि आम्ही ती ताडपत्री गाडीवर ओढून चार कोपरे दगडांनी दाबले. एक टेम्पोवाला पाऊण तासाने आला, त्याच्या बॅटरीवरून करंट दिला आणि टप गपचूप बसलं, जसं काही झालंच नव्हतं. सीट वाळायला आठ दिवस लागले, वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिला. तेव्हापासून माझा नियम, टप हलवायचं तर इंजिन चालूच पाहिजे आणि बॅटरी चांगल्या कंपनीची, योग्य साइजची, तीन-चार वर्षांपलीकडे ताणायची नाही.

तर तपासणी कशी करायची. डीलर टप एकदा उघडून दाखवेल, गड जिंकल्यासारखं हसेल. तू पाच वेळा करायला लाव, उघड-बंद, इंजिन चालू ठेवून, मध्ये दोन मिनिटं सोड. थंड असताना चाललेलं टप तिसऱ्या-चौथ्या वेळी गरम झाल्यावर रडायला लागतं. मध्येच बटण सोड, ते जागेवर थांबायला हवं, खाली लोंबायला नको, हळूहळू खाली आलं तर प्रेशर गळतंय. डिकीत सामान अडवणारा एक पडदा असतो, तो खाली ओढलेला नसेल तर टप हलतच नाही, तेव्हा तो पडदा नीट बसतो का, त्याचा हुक मोडलेला नाही ना, बघ. डीलरने तिथे चिकटपट्टी लावून सेन्सरला गंडवलेलं पण मी बघितलंय. सिलिंडरच्या दांड्यांवरून पांढरा रुमाल फिरव, तेल आलं की कळलं. मग कापड, घडी पडते तिथे धागा उसवलाय का, कोपऱ्यात आतून उजेड दिसतो का, मागची काच कापडाला जिथे चिकटवलेली असते ती कडा सुटलीय का. कापड नवं घालायचं म्हटलं तर ते बाहेरून मागवावं लागतं आणि बसवणारा हात त्याहून दुर्मिळ, आकडा लाखांत जातो. रेक्झिनवाल्याकडून शिवून घेतलेलं टप मी एकदा बघितलंय, मांडवासारखं फडफडत होतं एक्स्प्रेसवेवर.

आणि पाणी. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हे कुणी बघत नाही. मध्यंतरी एक गिऱ्हाईक अशीच एक कॅब्रिओले घेऊन आलं, "पाऊस बघितलेलीच नाही" असं सांगून विकलेली. मी डिकीचं कार्पेट उचललं तर खालच्या पत्र्यावर पांढरी रेघ, विहिरीत पाण्याची पातळी उतरल्यावर राहते तशी, आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या, बुटाच्या खोक्यात येतात त्या. मोजल्या, सदतीस निघाल्या. कुणीतरी बिचाऱ्याने वर्षानुवर्षं साठवून टाकल्या असतील. या गाड्यांचं अर्धं डोकं मागे डिकीत बसवलेलं असतं, फ्यूज आणि कंट्रोल युनिट, त्याला ओल लागली की आज मागचा दिवा जातो, उद्या सेंट्रल लॉक, परवा गाडी रात्री स्वतःहून जागी होऊन बॅटरी संपवते. म्हणून कार्पेटवर नुसता हात फिरवू नकोस, मूठ करून दाब, खालचा फोम ओला असेल तर थंड लागतो. चारही पायांशी असं कर. मग नाक लाव, परफ्यूमचा वास जास्त येत असेल तर अजून खोल लाव. टपाच्या खोबणीत पाणी वाहून जायला भोकं असतात, त्यात गुलमोहोराची पानं अडकतात, ती इतकी बारीक असतात की चहाच्या गाळणीतून पण जातील, बोनेटखाली काचेच्या पायथ्याशी पण तसंच. एक बाटली पाणी घेऊन जा आणि हळूच ओत, खाली जमिनीवर पडलं पाहिजे. पडलं नाही तर ते कुठे गेलं हा प्रश्न डीलरला विचार.

बॉडीचं एक. टप कापलं की कुठलीही गाडी थोडी लवचीक होते, म्हणून कंपनी खालून जादा पट्ट्या आणि मजबुती देते, ती तुझ्या व्हीआरएसपेक्षा तीनेकशे किलो जड आहे त्याचं हेही एक कारण. खराब रस्त्यावर टप उघडं ठेवून चालव आणि काचेच्या वरच्या चौकटीला बोटं लाव, थोडी थरथर येणारच, पण दरवाजे कुरकुरत असतील, आरसा नाचत असेल तर गाडी कुठेतरी आपटलेली आहे. जॅकवर एक चाक उचल आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून बंद कर, घासला नाही पाहिजे. मागून ठोकलेली कॅब्रिओले तर मी फुकट पण घेणार नाही, टपाचं झाकण परत कधीच ओळीत बसत नाही.

टायरवरचे चार आकडे वाच, ३२१६ असेल तर २०१६ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही उभी असली तरी रबर मेलेलं आहे. तसंच ते ५८ हजार किलोमीटर, पंधरा वर्षांत एवढंच चालली म्हणजे चांगलं असं लोकांना वाटतं, मला उलट भीती वाटते. उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त म्हातारी होते. मालकाला किंवा डीलरला सोबत घेऊन चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून हिस्टरी काढून घे, शेवटची नोंद कुठल्या साली आहे बघ. २०१७ ला ५५ हजार आणि आज ५८ असेल तर मधली वर्षं ती कुठे झोपली होती आणि कुणी खोटं बोलतंय का, दोन्ही विचारावं लागेल.

आता कागद, हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच तुझा सौदा बसतो किंवा मोडतो. २०११ ची गाडी म्हणजे २०२६ ला पंधरा वर्षं भरतात. दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीला बाजार राहत नाही, म्हणून अशा गाड्या मुदत संपायच्या आत दुसऱ्या राज्यात ढकलल्या जातात, डीलर ती इथे घेऊन बसलाय यात नवल नाही. महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग २९, ३०, आणि इथला रोड टॅक्स. आयात केलेल्या नव्या गाडीला आपल्याकडे २० टक्के टॅक्स आहे, जुनीला वयाप्रमाणे कमी होतो तरी किरकोळ नाही, आणि दिल्लीत भरलेला परत मिळवायचा म्हणजे चपला झिजवायच्या. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण, त्याची फी साध्या गाडीला ५ हजार पण आयात गाडीला ४० हजार, हे एप्रिल २०२२ पासून आहे, आणि वीस वर्षांनंतरची फी आता ८० हजार झालीय. वर पर्यावरण कर. हे सगळं डीलर करून देणार का, कुणाच्या खर्चाने, हे लेखी घे. "आपला एजंट आहे, होऊन जाईल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याच्यावर सर्व्हिस चार्ज लावावासा वाटतो.

आणि तुझी व्हीआरएस देताना कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळा होऊ नकोस. ती पुढे तीन महिने तुझ्याच नावावर फिरणार, चलन तुझ्या फोनवर येणार, आणि देव न करो कुठे अपघात झाला तर कोर्टाचा कागद बाणेरला येणार. नाव बदलल्याचं वाहन पोर्टलवर दिसलं की मगच शेवटचे पैसे, असा व्यवहार ठेव, थेट गिऱ्हाईक असलं तरी.

विमा कंपनीला आधी फोन कर. पंधरा वर्षांच्या गाडीची विम्यातली किंमत बोलाचालीवर ठरते, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, बहुधा मिळत नाही, आणि मग क्लेममध्ये रबर, प्लास्टिकला निम्मी घट. टपाच्या कापडाचं काय धरणार हे त्यांच्याकडून मेलवर लिहून घे, तोंडी नको.

इतकं सगळं सांगून मी तुला घाबरवतोय असं वाटेल. तसं नाहीये रे. डिसेंबरात पहाटे सहाला टप उघडून पानशेतच्या रस्त्याला लागलास, पाठीवर मानेशी गरम हवेचा झोत, ती सोय त्या गाडीत हेडरेस्टमध्येच असते, तू बघतोयस तिच्यात आहे का ते बघ, शेतातला धूर, उसाचा वास, मागे मुलगी ब्लँकेट पांघरून डोक्यावर आभाळ बघतेय, ते सुख व्हीआरएस देणार नाही, कुठलीच बंद गाडी देणार नाही. काचेच्या वरच्या चौकटीवर एक पट्टी बटणाने वर उचलली जाते, एअरकॅप म्हणतात, त्यामुळे मागे बसणाऱ्याचे केस उडत नाहीत आणि बोलणं ऐकू येतं. पण हिशोब पण कर. मार्च ते मे दुपारी टप उघडशील तर काळ्या लेदरवर पोळी भाजेल, जून ते सप्टेंबर पाऊस, आणि शहरात सिग्नलला बसच्या सायलेन्सरशेजारी उघड्या गाडीत बसून बघ एकदा, शिवाय प्रत्येक रिक्षावाला "केवढ्याला पडली" विचारणार. वर्षातले चाळीस-पन्नास दिवस खरे. ते पुरतात का हे तुझं तू ठरव, मला पुरायचे.

तुझ्याकडे व्हीआरएस आहे म्हणून एक वेगळी गाडी सुचवतो, २०१५-१६ ची ऑडी ए३ कॅब्रिओले. तुझ्याच गाडीची चुलत बहीण, खालचा सांगाडा तोच एमक्यूबी, १.८ टीएफएसआय इंजिन आपल्या ऑक्टाव्हियाच्या घरातलंच, त्यामुळे सामान आणि मेकॅनिक दोन्ही मिळतात. टप तिचं पण कापडी, पण साधं आणि हलकं. गिअरबॉक्स ड्राय क्लचचा ७-स्पीड, त्यात मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट, आणि क्लच बघून घ्यायचं, तुझ्या गाडीचा ओल्या क्लचचा आहे तसा बिनधास्त नाही. मर्सिडीजचा थाट तिला नाही, मागची सीट लहान, पण चार-पाच वर्षांनी लहान आहे आणि पंधरा वर्षांच्या नूतनीकरणाला अजून वेळ आहे. झेड४, एसएलके बघूच नकोस, दोन सीटच्या गाडीत मुलीला कुठे बसवणार, डिकीत? २०१७ च्या पुढची सी ३०० कॅब्रिओले मिळाली तर उत्तम, पण तिथे चावीला चावी होणार नाही, वर बरेच मोजावे लागतील.

तरीही मन ई ३५० वरच असेल तर माझं गणित असं. व्हीआरएस स्वतंत्र विक. आलेल्या पैशातले पाच-सहा लाख पहिल्या दिवशी बाजूला काढ, हे गाडीचे पैसे, सुट्टीचे नाहीत. पहिल्याच महिन्यात सगळी तेलं, गिअरबॉक्सचं पण, टायर, बॅटरी, ब्रेक फ्लुइड, टपाचं हायड्रॉलिक ऑइल, दरवाजांची रबरं. उरलेल्या रकमेत जी गाडी बसेल ती घ्यायची, त्याच्यावर जायचं नाही. महिनोन् महिने उभी ठेवणार असशील तर टाकीत आत्ताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साठवून ठेवू नकोस, ते पाणी ओढतं आणि ती गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, पुण्यात इंडियन ऑइलच्या काही पंपांवर १०० ऑक्टेनचं मिळतं ते भर. टप ओलं असताना कधीच घडी घालू नकोस, बुरशी येते. आणि झाडाखाली लावू नकोस, आंब्याच्या मोहोराचा चिकटा कापडातून निघत नाही.

शनिवारी जातोयस ना बघायला? डीलरला आदल्या रात्री फोन करून सांग की इंजिनला हात लावू नको, मला गार पाहिजे. सकाळी बोनेटवर तळहात ठेव, गरम लागलं तर काहीतरी लपवतोय. सोबत पांढरा रुमाल, टॉर्च, एक लिटर पाण्याची बाटली घे आणि स्कॅनर असलेला माणूस ने, मर्सिडीज कंपनीचाच झेंट्री स्कॅनर लावणारा, पानवाल्याकडे मिळतो तो चिनी डोंगल नको. टपाचे सगळे जुने फॉल्ट त्यात दिसतात, कोड पुसून ठेवलेले असले तर तेही लक्षात येतं. रिपोर्टचा फोटो मला पाठव, आणि एक डिकीतलं कार्पेट उचलून, टॉर्च आडवी धरून काढलेला. तो फोटो बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस, अगदी एक हजार रुपये पण नाही.